पाण्याचं सोडलं

रुग्णालयानं अक्काला घरी सोडलं तेव्हा तिच्यासोबत एक पेटी आणि एक वजनकाटा दिला. पेटी पांढरी, गुळगुळीत, भाकरीच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. समोर एक खाच होती, त्यातून ठरल्या वेळी गोळ्या पडायच्या. वर हाताच्या तळव्याएवढा पडदा होता, त्यातून ती बोलायची.

"नीलांबिकाताई, आपल्या हृदयाची काळजी घेणे हा आमचा हर्ष आहे," पेटी म्हणाली.

"हिला गप कर रे चन्नू," अक्का म्हणाली. "हर्ष म्हणे! बारशाला आलीय का ही?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय एकोणऐंशी. नवरा वारल्यावर ती बार्शीला माझ्याकडे चार दिवस म्हणून आली, त्याला आता एकवीस वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली, आता तो छापखानाही नाही. लोकांच्या चुका काढणं हा माझा धंदा होता, पण त्या कागदावरच्या. तोंडावर कुणाची चूक काढायची म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. हे मी कौतुकानं सांगत नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

घरी निघायच्या आधी सोलापूरच्या त्या रुग्णालयात आम्हाला एका थंडगार दालनात बसवलं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर अक्काची यादी आली. सकाळी चार गोळ्या, दुपारी एक, रात्री दोन. टेबलाशी तहसीन मुल्ला नावाच्या फार्मासिस्ट बाई होत्या. चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. कायद्यानं एका जिवंत माणसानं यादी पाहिली असं दाखवावं लागतं, म्हणून त्या प्रत्येक यादीवर अंगठा टेकवायच्या.

"काही विचारायचंय का काका?"

मला विचारायचं होतं. यादी वाचता वाचता माझी नजर एका जागी अडखळली होती. पाण्याची गोळी. अक्का ती दोन वर्षं सकाळी एक, दुपारी अर्धी अशी घेत होती. नव्या यादीत ती कुठंच नव्हती. गाळलेली ओळ मला दिसते, तेवढंच मला येतं. पण मग वाटलं, ही काही लग्नपत्रिका नाही. एवढे डॉक्टर, एवढं यंत्र, त्यांनी विचार करूनच काढली असेल. बाहेर वीस माणसं थांबली होती.

"नाही," मी म्हणालो. "छान आहे यादी."

बाईंनी अंगठा टेकवला. पडद्यावर उमटलं : नातेवाइकास यादी समजली.

*

हार्ट फेल्युअर हे अक्काच्या आजाराचं नाव ऐकलं की लोकांना वाटतं, हृदय बंद पडलं. ते बंद पडत नाही, थकतं. धडधाकट हृदय एका ठोक्याला आपल्या कप्प्यातलं निम्म्याहून जास्त रक्त पुढं ढकलतं. अक्काचं पाव भागाच्या थोडं वर. रक्त कमी येतंय म्हटल्यावर मूत्रपिंडांना वाटतं, अंगात दुष्काळ पडला. ती मीठ धरून ठेवतात आणि मिठापाठोपाठ पाणी. ते पाणी आधी पायात उतरतं, मग पोटात, मग फुप्फुसात. पाण्याची गोळी मूत्रपिंडांना एवढंच सांगते, की बाबांनो, दुष्काळ नाही, जाऊ द्या. ती गोळी नसेल तर माणूस कोरड्या घरात बसून आतल्या आत बुडतो.

अशा रुग्णांचा घात व्हायचा तो बऱ्याचदा घरी जातानाच. घरून आणलेल्या औषधांची एक यादी, वॉर्डातली दुसरी, घरी नेण्याची तिसरी. वॉर्डात इंजेक्शन चालू म्हणून एखादी गोळी तात्पुरती थांबवायची आणि तिसऱ्या यादीत ती पुन्हा लिहायची राहून जायची. किंवा एकच औषध दोन नावांनी दोनदा लिहिलं जायचं. यावर उपाय म्हणून 'मेळ' आला. हे यंत्र वॉर्डातला प्रत्येक कागद वाचतं, प्रत्येक तपासणी पाहतं आणि पलंगाशी जे बोललं जातं ते सगळं ऐकतं. डॉक्टर, सिस्टर, रुग्ण, सगळ्यांचं. त्यातून ते एकच यादी बनवतं. खोटं कशाला बोलू, चुका खरोखरच कमी झाल्या, खूपच कमी. त्यामुळंच पुढं कायदा झाला की मेळची यादी हीच यादी. दुकानातलं औषधाचं कपाटसुद्धा तुमच्या यादीत नाव असेल तरच उघडतं. घरातल्या जुन्या गोळ्या जमा कराव्या लागतात. अक्काची अर्धी भरलेली बाटली मीच त्या दालनात, एका निळ्या डब्यात, माझ्या हातानं टाकून आलो होतो.

*

अक्का घरी आली तेव्हा तिचं वजन चोपन्न किलो होतं. तिसऱ्या दिवशी पंचावन्न, पाचव्या दिवशी साडेछप्पन्न झालं.

"नीलांबिकाताई," पेटी म्हणाली, "आपले वजन वाढले आहे. आपण मीठ खाल्ले का?"

"नाही."

"लोणचे, पापड, शेंगाचटणी?"

"नाही म्हटलं ना बाई. दोन वर्षं झाली, माझी भाकरी वेगळी होते. या चन्नूला विचार, एकदा चुकून माझी खाल्ली तर म्हणाला, अक्का, ही भिंत आहे का?"

"मन मोकळे करा. आम्ही रागावणार नाही."

अक्का माझ्याकडं वळली. "ही कोण रे रागावणारी?"

आमच्या गल्लीत कुणाचं भांडण झालं की शेवटी अक्काला विचारायला यायचे, नेमकं काय झालं होतं म्हणून. ती सांगेल ते दोन्ही बाजू ऐकायच्या, कारण ती आपल्या माणसालाही सोडायची नाही. अशा बाईला एक डबा रोज सकाळी, साखरेत घोळवलेल्या आवाजात, चोर ठरवत होता.

त्याच्या बोलण्यातली लबाडी मला नंतर कळली. पेटीतून मेळच बोलायचा, आणि त्याच्या दृष्टीनं यादी बरोबर होती. ती बरोबर आहे हे आधी ठरलेलं होतं. मग वजन वाढतंय म्हणजे चूक यादीबाहेर असली पाहिजे. यादीबाहेर एकच गोष्ट उरते, माणूस.

आणि किळस येते ती पुढच्या गोष्टीची. चार दिवस ते ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं.

अक्काचे पाय सुजले होते. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. ती पाठीशी तीन उशा घेऊन बसायची, आडवी होत नव्हती. मी हे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, काहीतरी खात असेल. म्हातारपणी जिभेला ताबा राहत नाही. पेटी एवढी वजनं बघते, हजारो माणसांची, तिला उगाच वाटेल का? सातव्या दिवशी अक्का अंघोळीला गेली तेव्हा मी तिची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घड्या उचलून पाहिल्या. गादीखाली हात घातला. तिच्या विभूतीच्या डबीचं झाकण काढून वास घेतला.

"काय सापडलं?"

ती दारात उभी होती. ओले केस, एक हात चौकटीला. मोरीपासून खोलीपर्यंत यायला तिला धाप लागली होती.

"काही नाही अक्का. मी आपलं..."

"डबीतली चाटून बघ की," ती म्हणाली. दोन श्वास घेतले. "खारट लागते का सांग तिला."

मी डबी जागेवर ठेवली. माझ्या बोटांना विभूती लागली होती. ती कुठं पुसावी तेही मला सुचेना.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी सोलापूर गाठलं. डॉक्टरांना आधी फोन केला होता. फोनवर मेळच बोलला. तोच आवाज, तोच हर्ष. शेजारच्या म्हेत्रेबाईंना अक्काजवळ बसवून निघालो होतो.

तहसीनबाईंनी मला ओळखलं. मी रस्ताभर पाठ केलेलं वाक्य कसंबसं म्हटलं, "मॅडम, एक ओळ गळली आहे."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला आत औषधांच्या खोलीत नेलं. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकलंसुद्धा नाही.

"पाण्याची गोळी," त्या म्हणाल्या. "बसा काका. वॉर्ड तीनमधल्या होत्या ना?"

त्यांनी पडद्यावर अक्काची नोंद काढली. वॉर्डातलं सगळं बोलणं तिथं ओळीनं लिहिलेलं होतं. अक्काचं खोकणं, माझं "पाणी देऊ का" हेसुद्धा. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी पाण्याची गोळी थांबवली होती, कारण तेच औषध शिरेतून द्यायचं होतं. ते बरोबरच होतं. चौथ्या दिवशीच्या एका ओळीवर बाईंनी बोट ठेवलं.

परिचारिका : अकराला पाण्याचं सोडलंय मॅडम.

आणि खाली मेळनं काढलेला अर्थ : पलंग अकरा, पाण्याचे औषध बंद केले. खात्री सत्त्याण्णव टक्के.

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, तशी सवय आहे मला.

"करमाळ्याच्या सिस्टर आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांनी सलाईनमध्ये औषध सोडलं. चालू केलं. आणि ह्यानं ऐकलं की सोडलं म्हणजे बंद केलं."

तंबाखू सोडली म्हणजे बंद केली. उपास सोडला म्हणजे खायला सुरुवात केली. उजनीचं पाणी सोडलं म्हणजे दरवाजे उघडले. गाव सोडलं, गाडी सोडली, पोराला शाळेत सोडलं. हा एकच शब्द दोन्ही तोंडांनी बोलतो आणि आपण आयुष्यभर न अडखळता तो वापरतो, कारण समोर सलाईनची बाटली आहे का तंबाखूची पुडी हे आपल्याला दिसतं. मेळनं हजारो तास ऐकलेलं बोलणं बाह्यरुग्ण विभागातलं होतं. तिथं लोक डॉक्टरांना सांगतात, गोळी सोडली, दारू सोडली. तिथं सोडणं म्हणजे बंदच. अक्काच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडांचा आकडा थोडा वर गेलेला होता, आणि तेवढ्यावरूनही कधी कधी पाण्याचं औषध बंद करतात. गोळी आधीच थांबलेली, आता इंजेक्शनही सोडलेलं. मेळचा मेळ बसला.

"मग दुरुस्त करा," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी कुणाला इतकं सरळ बोललो नसेन.

"डॉक्टर यादी बदलू शकतात. पण कारण निवडावं लागतं. कारणांची यादी तयार असते, त्यात 'मेळ चुकला' असं कारणच नाहीये. सूज लिहिली तरी तो आधी पथ्यभंगच विचारतो."

"तुम्ही वरती कळवलं नाही?"

त्यांनी एक पत्र उघडून माझ्यासमोर धरलं. त्यांनीच तीन महिन्यांपूर्वी लिहिलं होतं, सोडलं या शब्दाबद्दल, अकरा रुग्णांच्या नोंदी जोडून. खाली उत्तर होतं. मला ते अजून शब्द न शब्द आठवतं, कारण त्यात एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. 'आपण नमूद केलेल्या अकरा रुग्णांपैकी नऊ रुग्णांनी पथ्यभंग स्वतः मान्य केला असल्याने यादीतील त्रुटी सिद्ध होत नाही. आपल्या दक्षतेबद्दल आभार.'

"नऊ जणांनी मान्य केलं?"

"मी सांगितलं म्हणून केलं, काका." त्यांचा आवाज खाली आला. "मीठ खाल्लं असं कबूल केलं की मेळ पाण्याची गोळी देतो. पथ्यभंगासाठी पूरक गोळी म्हणून. दुसरा रस्ता नाही. मी म्हटलं, आधी जीव वाचू दे यांचा. एकेकाला फोन करून सांगितलं. आणि आता त्यांचं कबूल करणं हाच पुरावा झाला."

"आणि उरलेले दोघे?"

त्यांनी पत्र मिटवलं.

"एक बाई पुन्हा इथंच आल्या, अर्धमेल्या होऊन. दुसरे मोहोळकडचे एक मास्तर होते. नाही म्हणजे नाही म्हणाले, मी मीठ खाल्लेलं नाही तर खोटं का सांगू. त्यांच्या मुलानं नंतर पेटी परत आणून दिली."



"आणि तुम्ही अजून अंगठा लावता," मी म्हणालो. म्हणून झाल्यावर लाज वाटली. कारण "छान आहे यादी" हे मी म्हटलं होतं.

"लावते. मी नाही लावला तर दुसरं कुणी लावेल, आणि ते फोन नाही करणार." त्या उठल्या. "घरी जा काका. उशीर नका करू. सांगा मीठ खाल्लं. लगेच गोळी पडेल."

*

परतीच्या एसटीत वैराग गाव येईपर्यंत मी ठरवत होतो की खोटं बोलायचं नाही. मी बोललो तर दहावा पुरावा मीच देणार. पुढं कुणाची तरी अक्का असेल, तिला ही पेटी आणखी खात्रीनं चोर म्हणेल. मोहोळच्या मास्तरांचा मला अभिमान वाटत होता. मी त्यांना पाहिलंही नव्हतं. आपणही तसं ताठ उभं राहावं असं वाटत होतं. दुसऱ्याच्या श्वासावर ताठ उभं राहणं सोपं असतं, हे वैरागनंतर लक्षात आलं.

घरात शिरलो तेव्हा म्हेत्रेबाई अक्काची पाठ चोळत होत्या. अक्का खुर्चीत पुढं वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. प्रत्येक श्वासाला आत काहीतरी बुडबुडत होतं. ओठांचा रंग उडालेला. वजन साठ किलोच्या जवळ.

"बरं झालं आलात," म्हेत्रेबाई म्हणाल्या. "मघापासून ती पेटी विचारतीय आणि ह्या नुसती मान हलवतायत."

"नीलांबिकाताई," पेटी म्हणालीच, "आपण मीठ खाल्ले का? होय किंवा नाही म्हणा."

अक्कानं मान हलवली. नाही.

"उत्तर ऐकू आले नाही. घरातील अन्य व्यक्ती उत्तर देऊ शकते."

"अक्का," मी म्हणालो, "होय म्हण. मी सगळं शोधून आलोय. तुझी काही चूक नाही, त्यांचीच आहे, पण होय म्हटल्याशिवाय गोळी पडत नाही. एकदा म्हण."

तिनं माझ्याकडं पाहिलं. बोलायला श्वास नव्हता. तिनं पुन्हा मान हलवली, आणि ती पेटीसाठी नव्हती, माझ्यासाठी होती.

मी पेटीसमोर गेलो.

"होय," मी म्हणालो.

"कोण बोलत आहे?"

"चन्नवीर तोडकरी. भाऊ."

"रुग्णाने काय खाल्ले?"

"शेंगाचटणी."

"किती?"

"वाटीभर."

"एकदा की अनेकदा?"

"रोज." आवाज माझाच होता. "लपवून खाते."

हे 'लपवून' कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपल्या मनानं घातलं. खोटं बोलायला लागलो की ते नीट वाटावं म्हणून आपण त्यात भर घालतो, हे मला त्या दिवशी कळलं. म्हेत्रेबाईंचा हात अक्काच्या पाठीवर थांबला होता.

"आपल्या प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद," पेटी म्हणाली, आणि खाचेतून एक छोटी पांढरी गोळी पडली.

अक्कानं ती घेतली. मी दिली म्हणून घेतली नाही, म्हेत्रेबाईंनी पाण्याचा पेला धरला म्हणून घेतली. संध्याकाळच्या आत ती पाच वेळा उठून मोरीत गेली. दोन दिवसांत बुडबुडा थांबला. आठवड्यानं पायावर जुन्या शिरा दिसायला लागल्या आणि काटा पंचावन्नावर आला.

ती माझ्याशी बोलत नव्हती.

*

पेटी मात्र आता माझ्याशीच बोलायची. "चन्नवीरराव, रुग्णाने आज पथ्य पाळले का?"

"मला विचार की," अक्का म्हणायची. "मी हिथंच बसलीय."

"आपल्या उत्तराची नोंद घेतली आहे, ताई. चन्नवीरराव?"

असं रोज. अक्काचा शब्द ती ऐकायची, नोंदवायची आणि बाजूला ठेवायची. मी "पाळलं" म्हटलं की मगच पुढं सरकायची. एक दिवस अक्का म्हणाली, छातीत धडधडतंय. पेटीनं मला विचारलं, ताई खरे सांगत आहेत असे आपल्याला वाटते का? मी हो म्हणालो. बहिणीच्या छातीतली धडधड खरी आहे अशी साक्ष द्यावी लागली, तेव्हा ती खरी ठरली.

म्हेत्रेबाई पूर्वी वाटीभर आमटी आणून द्यायच्या, आता बंद केलं. "नको बाई," त्या मला जिन्यात म्हणाल्या, "त्यांना राहवत नाही म्हणे. उगाच माझ्यामुळं काही व्हायला नको." गल्लीत बातमी पोचली होती. ज्या बाईला विचारून भांडणं मिटायची, ती चोरून चटणी खाते.

त्याच सुमाराला आरोग्य खात्याची मोहीम सुरू झाली. आपल्या भागातल्या हृदयरुग्णांमध्ये मीठ लपवून खाण्याचं प्रमाण चिंताजनक असल्याचं आढळलं होतं. एसटी स्टँडवर मोठा फलक लागला. एक म्हातारी पदराआड वाटी धरून बसलेली, तिच्यावर लाल फुली. खाली लिहिलं होतं, 'आजी, कोणापासून लपवता?' मी फलकासमोर उभा राहिलो. 'लपवून' हा माझा शब्द होता. माझ्याच एका शब्दावरून फलक झाला असं नाही, एवढा मी कोण. पण तो शब्द त्या ढिगात होता.

मी तहसीनबाईंना फोन केला. म्हटलं, मला माझा जबाब मागं घ्यायचा आहे.

"घेता येतो," त्या म्हणाल्या. "पण जबाब मागं घेतला की गोळी पण मागं जाते, काका." मग म्हणाल्या, "तुम्ही अजून विचारताय हे बरंय. बाकीचे माझा फोनही उचलत नाहीत आता."

मी अक्काला सगळं सांगितलं. तो सोडलं शब्द, ती ओळ, मोहोळचे मास्तर. ती मेथी निवडत होती. ऐकलं का नाही, कळलं नाही. एकदा फक्त मास्तरांचं नाव काय होतं ते तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

*

गोळी सुरू झाल्याच्या पंधराव्या दिवशी सकाळी पेटीनं आधी एक सूर वाजवला. असा सूर तिनं कधी वाजवला नव्हता.

"आनंदाची बातमी! नीलांबिकाताईंनी सलग चौदा दिवस पथ्य पाळले. त्यामुळे पूरक गोळीची गरज उरलेली नाही. उद्यापासून ती बंद करण्यात येईल. अभिनंदन, चन्नवीरराव!"

मला समजायला वेळ लागला. गोळी पथ्य मोडल्याची होती. पथ्य पाळलं म्हणजे गोळी गेली. उद्यापासून पुन्हा मूत्रपिंडांना दुष्काळ दिसेल, पुन्हा चोपन्नाचे साठ होतील. मी मोडलं म्हणालो तर ती राहील. आणि चौदा दिवसांनी पुन्हा. आणि त्यानंतर पुन्हा. अक्का जगेल तोवर मला दर पंधरवड्याला तिची बदनामी करत राहावी लागेल, नव्या नव्या तपशिलांसह.

"आजच्या पथ्याची खात्री द्या. रुग्णाने पथ्य पाळले का?"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो, आजही सांगता येत नाही. 'होय' पण तयार होतं आणि 'नाही' पण.

"थांब," अक्का म्हणाली.

मला म्हणाली होती. चौदा दिवसांत, मास्तरांचं नाव विचारलं तेवढं सोडून, पहिल्यांदाच.

ती भिंतीला धरून उठली आणि पेटीसमोर येऊन उभी राहिली. पदर नीट केला, गल्लीतल्या भांडणात साक्ष द्यायला उभी राहताना करायची तसाच.

"तू नको बोलूस," ती मला म्हणाली. "तुला धड येत पण नाही. वाटीभर शेंगाचटणी रोज कोण खातं रे? आव पडेल माणसाला."

"ताई, आपल्या उत्तराची..."

"गप. ऐक." तिनं एक श्वास घेतला. "मी काल पापड खाल्ले. तीन. तळलेले. ह्यानं आणून ठेवले होते पाहुण्यांसाठी, मी फळीवरून काढले. आणि परवा कैरीचं लोणचं, म्हेत्रेच्या बरणीतलं. ह्याला माहीत नव्हतं. ह्याच्यावर काही घालू नको."

पेटीच्या आत कुठंतरी हिरवा दिवा लुकलुकला.

"प्रथमच स्वतः कबुली दिल्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन, नीलांबिकाताई. आता आपल्यावर आमचा विश्वास आहे."

गोळी पडली.

अक्कानं ती उचलली, जिभेवर ठेवली आणि माझ्या हातातला पेला घेऊन पाणी प्याली. मग मोरीत गेली. तांब्या भरून घेतला आणि चूळ भरायला लागली. एकदा, दोनदा, खळखळून, दात घासल्यावर भरतात तशी. आठवी चूळ, नववी. तांब्या संपला तेव्हा तिनं तो माझ्यापुढं धरला, आणि मी तो भरून दिला.